ऊणोदरीपासून दोन वेळच्या जेवणापर्यंत : शाकाहार आणि शरीराचे वजन यांचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंदिर, वास्तू, दाते आणि कार्यकर्ते यांचा इतिहास यावा हे स्वाभाविकच आहे. परंतु समाजाचा इतिहास केवळ वास्तूंमध्ये साठविलेला नसतो. तो त्याच्या स्वयंपाकघरात आणि पंगतीतही असतो. जैन समाजाची ओळख जगाला जर कोणत्या एका गोष्टीने झाली असेल तर ती त्याच्या आहाराने. आज पाश्चात्त्य देशांतील असंख्य लोक वजन घटविण्यासाठी मांसाहार सोडून शाकाहाराकडे वळत आहेत; आणि त्याच वेळी पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या आपल्या घरांतून मात्र स्थूलता, मधुमेह आणि रक्तदाब यांच्या गोळ्यांचे डबे वाढत आहेत. हा विरोधाभास कसा निर्माण झाला, याचा ऐतिहासिक शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शास्त्रातील मांडणी

जैन आचारात काय खावे याइतकाच किती खावे, केव्हा खावे आणि काय सोडावे याचाही विचार झालेला आहे, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले चार, म्हणजे अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग, थेट आहाराशी निगडित आहेत. अवमौदर्य म्हणजेच श्वेतांबर परंपरेतील ऊणोदरी. भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे. मूलाचारासारख्या प्राचीन ग्रंथात पुरुषाचा स्वाभाविक आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास मानून त्यातून एकेक घास कमी करीत जाण्याचा विधी दिला आहे. अन्नाचे मोजमाप ठेवण्याची ही पद्धत आधुनिक आहारतज्ज्ञांच्या कितीतरी शतके आधीची आहे.

रसपरित्यागातील रस कोणते, हेही पाहण्यासारखे आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ किंवा साखर आणि मीठ हे ते सहा रस. वारांप्रमाणे एकेक रस सोडण्याची रीत कित्येक दिगंबर घरांतून चालत आली आहे. आजचे शास्त्र सांगते की एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने यांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९. म्हणजे ताटातील ज्या गोष्टी वजन आणि रक्तदाब सर्वांत लवकर वाढवितात, त्यांपैकी बहुतेकांचा समावेश या यादीत झालेला आहे.

अर्थात तपाचा हेतू वजन घटविणे हा कधीच नव्हता. इ. स. १९५५ मध्ये चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. त्या महान घटनेचा विचार काट्यावरच्या आकड्याने करणे हा अविवेक ठरेल. तपाचे उद्दिष्ट कर्मनिर्जरा. शरीराचे हलकेपण हे त्याचे आनुषंगिक फळ. परंतु उद्दिष्ट गेले, सवयही गेली आणि केवळ 'आम्ही शाकाहारी' हा अभिमान उरला, तर फळ तरी कोठून मिळणार?

आपल्या भागातील ताट

राणीसावरगाव आणि गंगाखेड तालुक्याचा हा परिसर बालाघाटच्या कुशीतला. येथील कष्टकरी माणसाचे, आणि बऱ्याच अंशी येथील व्यापारी जैन कुटुंबांचेही, जुने अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची किंवा हरभऱ्याची भाजी, जवसाची वा कारळाची चटणी, ताक, आणि स्वयंपाकाला करडईचे घाण्यावरचे तेल. गोड सणावारी, तळण त्याहूनही क्वचित. गव्हाची पोळी हा पाहुणचाराचा पदार्थ होता. बाजाराच्या गावाला पायी किंवा बैलगाडीने जावे लागे. अशा जीवनात स्थूलपणा हा अपवाद होता आणि समृद्धीचे लक्षण मानला जाई.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याची ही घडी विस्कटली. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, रोजगार हमीची कामे आणि सुकडी यांच्या आठवणी ज्येष्ठ मंडळींच्या मनात आजही ताज्या आहेत. पुढील दशकांत सिंचन वाढले, ऊस आला, सोयाबीन आले, गहू आणि तांदूळ स्वस्त धान्य दुकानातून मिळू लागले. करडईच्या घाण्याची जागा पिशवीतील शुद्धीकृत तेलाने घेतली. भाकरी मागे पडली व पोळी रोजची झाली. चहा दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागला आणि फरसाण सणाचे न राहता दुपारचे झाले. त्याच वेळी पायी चालणे जवळजवळ संपले. दुकानाच्या गादीवर बसून दिवस घालविणाऱ्या आपल्या समाजावर या बदलाचा परिणाम सर्वांत आधी दिसावा यात नवल नाही. येथे मांसाहार शिरला नाही. परंतु शाकाहाराचे अंतरंग मात्र पूर्णपणे बदलले.

गांधीजींचे प्रयोग आणि उरुळी कांचन

शाकाहार आणि शरीर यांचा आधुनिक काळातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग महात्मा गांधींनी केला, आणि त्याच्या आरंभीच एक जैन साधू भेटतात. १८८८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी मांस, मदिरा आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांना बेचरजी स्वामी या जैन मुनींनी दिली. लंडनमध्ये फॅरिंग्डन रस्त्यावरील शाकाहारी उपाहारगृह त्यांना सापडले. तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचे समर्थन करणारे पुस्तक त्यांनी विकत घेतले. तेव्हापासून आपण वचनासाठी नव्हे तर विचाराने शाकाहारी झालो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. घरून मागविलेली मिठाई व मसाले त्यांनी बंद केले. जन्माने शाकाहारी असणे आणि विचारपूर्वक शाकाहारी होणे यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

दुधाविषयीचा विचारही त्यांच्याकडे जैन परंपरेतूनच आला; त्याचे श्रेय ते रायचंदभाईंना, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांना देतात. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. परंतु १९१८ मध्ये अतिसाराने ते अत्यंत क्षीण झाले आणि जानेवारी १९१९ मध्ये शस्त्रक्रियेनंतर, दुधावाचून शरीर भरून येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर, कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांना बकरीचे दूध घ्यावे लागले. दुधाचा त्याग करणाऱ्याने त्याची भरपाई कशातून करायची हे आधी ठरविले पाहिजे, हा धडा या घटनेत आहे.

१९४२ ते १९४४ या काळात पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी 'आरोग्याची किल्ली' लिहिली. सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांचे वास्तव्य झाले. त्याच जागेत पुढे १९८६ मध्ये राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली. मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळील उरुळी कांचन येथे गेले आणि तेथे निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला गेला. मणिभाई देसाई यांनी आयुष्यभर तो सांभाळला. साधा, बेताचा शाकाहार, नियमित दिनचर्या आणि चालणे यांवर भर देणाऱ्या या आश्रमात वजन कमी करण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे जातात. त्यांत जन्मजात शाकाहारी लोकही असतात. यावरूनच मुद्दा ध्यानात यावा.

आकडे काय सांगतात?

नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध, अंडी यांचाही त्याग करणाऱ्यांची 'व्हीगन सोसायटी' स्थापन केली. आता असा आहार घेणाऱ्यांवर बरेच संशोधन झाले आहे. वजनाच्या मोजमापासाठी बॉडी मास इंडेक्स वापरतात, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. अमेरिकेतील ॲडव्हेंटिस्ट पंथीयांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा निर्देशांक मांसाहारींमध्ये सरासरी २८.८, दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहारींमध्ये २५.७ आणि व्हीगन लोकांत २३.६ आढळला. डॉ. नील बर्नार्ड यांच्या २००५ च्या प्रयोगात ६४ स्थूल स्त्रियांपैकी कमी तेलाचा संपूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांचे वजन १४ आठवड्यांत सरासरी ५.८ किलो घटले. दुसऱ्या प्रचलित पथ्यावरील गटाचे ३.८ किलो. कारण सोपे आहे : कडधान्ये, भाज्या, फळे यांत चोथा व पाणी अधिक, त्यामुळे पोट भरते पण उष्मांक कमी जातात.

आता भारताचा आकडा पाहावा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील दीड लाखाहून अधिक प्रौढांच्या माहितीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हीगन वर्गाचा सरासरी निर्देशांक २०.५ होता, मात्र सर्वाधिक, म्हणजे २१.२, हा आपल्यासारख्या दूध घेणाऱ्या शाकाहारींचा होता. यात केवळ आहाराचा दोष नाही. सुबत्ता आणि बैठे काम यांचाही वाटा असणारच. तरीही शाकाहार हे भारतात सडपातळपणाचे प्रमाणपत्र नाही, एवढे यावरून सिद्ध होते. साजूक तुपातील लाडू, तळलेली पुरी, शेव आणि जिलेबी हे सारे शाकाहारीच आहेत.

लातूरची चळवळ आणि आपले बियासणे

या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा अध्याय आपल्या शेजारच्या लातूरचा आहे. नागपूरचे विद्वान डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी वारंवार खाण्याने इन्शुलिन पुन्हा पुन्हा स्रवते व वजन वाढते, असा विचार आपल्या व्याख्यानातून मांडला होता. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो स्वतः आचरून पाहिला आणि नंतर गावोगाव व्याख्यानांतून विनामूल्य पोहोचविला. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखून दिवसातून दोनदाच जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपविणे आणि रोज ४५ मिनिटे चालणे, हे त्याचे सूत्र. २०१८ च्या सुमारास दर दोन तासांनी थोडे थोडे खावे असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या मताशी त्याची तुलना घराघरांत रंगली होती.

जैन वाचकाला यात अपरिचित असे काय आहे? दोन वेळा जेवणे म्हणजे बियासणे, एकदा जेवणे म्हणजे एकासणे, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणे हा तर आपल्या आजी-आजोबांचा नित्यनेम. अर्थात येथेही अतिशयोक्ती नको. २०२२ मध्ये चीनमध्ये झालेल्या एका वर्षाच्या चाचणीत, एकूण उष्मांक सारखेच कमी केले असता जेवणाची वेळ मर्यादित ठेवल्याने वजनात विशेष अधिक घट दिसली नाही. म्हणजे बियासण्याच्या दोन बैठकांत चार बैठकींचे अन्न घेतले तर लाभ नाही. उपवासाच्या पारण्याला तळणाची आणि गोडाची रेलचेल झाली तर तीही तीच गत. बियासण्याला ऊणोदरीची जोड हवी. शास्त्रकारांनी ही तपे एकाच मालिकेत गुंफली ती उगीच नव्हे.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून मिळते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आपले आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीयही आतून स्थूल असू शकतो. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात. काट्यापेक्षा कंबरेचा घेर अधिक बोलका आहे.

दुसरी सूचना बी-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. पुण्यातील २०४ व्यक्तींच्या २००१ च्या अभ्यासात सुमारे निम्म्या लोकांत त्याची कमतरता आढळली. जो दूधही सोडतो त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घ्यावीच. शिवाय डाळी, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ यांतून प्रथिने व कॅल्शियम मिळतील हे पाहावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपवास, एकासणे अथवा दोन वेळचे जेवण वैद्यकीय सल्ल्यावाचून सुरू करू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. गर्भवती आणि स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि अशक्त वृद्ध यांच्यासाठी वजन घटविण्याचा हा मार्ग नव्हे.

समारोप

या इतिहासाचा निष्कर्ष असा की, शाकाहार हे दार आहे, घर नव्हे. पाश्चात्त्य माणूस मांसाहार सोडून त्या दारातून आत येतो तेव्हा भाज्या, डाळी आणि फळांपर्यंत पोहोचतो, म्हणून त्याचे वजन घटते. आपण जन्मतःच आत असलो तरी ओसरीवरच्या फराळापाशी थांबलो आहोत. आपल्या शेतात ज्वारी, तूर व करडई आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे उत्तम वाण दिले आहेत. २०२३ हे वर्ष तर साऱ्या जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. परंपरेने दिलेली मोजमापाची दृष्टीही आपल्यापाशी आहे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त एवढाच संकल्प व्हावा : सामुदायिक भोजनात एका मिष्टान्नावर समाधान, तळणाऐवजी भाकरी व कोशिंबीर, आणि वर्षातून एकदा रक्तशर्करा, कंबरेचा घेर आणि बी-१२ यांची तपासणी. आग्रहाने वाढण्याच्या आपल्या प्रेमळ रीतीला ऊणोदरीचा थोडा लगाम बसला, तर पुढील पन्नास वर्षांची पिढी अधिक निरोगी शरीराने धर्माराधना करील.