एचआयव्ही-एड्स संशोधनातील सहयोग : पुणे ते ठाणे-कल्याण

एचआयव्ही-एड्सविषयीचे संशोधन एका प्रयोगशाळेत किंवा एका रुग्णालयात पुरे होत नाही. विषाणू, उपचार, माणसांचे वर्तन आणि सरकारी आरोग्ययंत्रणा यांचा एकत्र विचार करावा लागतो. म्हणून विद्यापीठे, राष्ट्रीय संशोधन संस्था, सार्वजनिक रुग्णालये आणि वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संघटना मिळून हे काम करतात. महाराष्ट्रात या कामाचे मुख्य केंद्र पुण्याजवळची भोसरी हे आहे. ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली हा पट्टा त्यात प्रामुख्याने क्षेत्रकार्याच्या बाजूने येतो.

विद्यापीठीय संशोधन केंद्राची आजची रूढ घडण अमेरिकेत तयार झाली. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९८८ पासून विद्यापीठांमधील एड्स संशोधन केंद्रांना अनुदान देण्यास सुरुवात केली. असे केंद्र सगळे संशोधन स्वतः करत नाही. वेगवेगळ्या विभागांतील संशोधकांना लागणाऱ्या गोष्टी ते एका ठिकाणी उपलब्ध करून देते : सामायिक प्रयोगशाळा, संख्याशास्त्रज्ञ, रुग्णांच्या माहितीची व्यवस्था, नीतिसमितीपुढे जाणाऱ्या अर्जासाठी साहाय्य आणि नव्या संशोधकाला पहिला छोटा प्रकल्प उभा करता येईल इतका निधी. शोधनिबंधात या केंद्राचा उल्लेख बहुधा शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात सापडतो. प्रत्यक्षात अभ्यास वेळेत सुरू होणार की दोन वर्षे कागदांतच अडकणार, हे पुष्कळदा त्याच्यावर ठरते.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत आढळला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १९९२ मध्ये भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन केली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नाको) याच वर्षीची. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी नारीचा सहयोग सुरुवातीच्या काळातच जुळला. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्यांची तपासणी आणि दीर्घकाळ पाठपुरावा हे त्याचे पहिले मोठे काम होते. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात या चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची माहिती १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, आणि त्यांच्यातही संसर्गाचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. त्यांतील बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध नव्हता. रोग ‘त्या वस्तीपुरता’ आहे या तेव्हाच्या सर्रास समजाला या आकड्याने तडा दिला. सहयोगातून पुढे आलेला पुण्याचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष कोणता असे विचारले, तर हाच सांगावा लागेल. पुढे काढलेल्या औषधांचे महत्त्व मोठे असले, तरी औषध कोणाला लागणार हे आधी कळावे लागते.

दुसरा धागा ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा. आईच्या दुधातून बाळाला होणारा संसर्ग कसा रोखावा, हा येथील प्रश्न होता. गरीब घरात वरच्या दुधाचा खर्च झेपत नाही आणि पाणी शुद्ध असेलच असेही नाही, त्यामुळे ‘स्तनपान बंद करा’ हा सल्ला पुस्तकातच राहतो. जॉन्स हॉपकिन्सच्या सहयोगाने पुण्यात, तसेच इथिओपिया व युगांडात, बाळाला जन्मानंतर नेविरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाचा एकच डोस देणे आणि सहा आठवडे रोज देणे यांची तुलना झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित निष्कर्षानुसार सहाव्या आठवड्याला संसर्गाचे प्रमाण एका डोसच्या गटात ५.२७ टक्के, तर वाढीव डोसच्या गटात २.५४ टक्के होते. सहा महिन्यांनंतर मात्र हे अंतर बरेच कमी झाले. स्तनपान चालू असेपर्यंत संरक्षणही चालू हवे, हा विचार पुढे जगभर स्वीकारला गेला.

तिसरा अभ्यास एचपीटीएन ०५२ या नावाने ओळखला जातो. त्याचे नेतृत्व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील मायरन कोहेन यांच्याकडे होते. नऊ देशांतील १,७६३ जोडपी त्यात होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. भारतातील केंद्रे नारी, पुणे आणि वायआरजी केअर, चेन्नई. एका गटाला औषधे लगेच सुरू केली, तर दुसऱ्याला सीडी-४ पेशींची (रक्तातील रोगप्रतिकारक पेशींची) संख्या खाली घसरल्यावर. मे २०११ मध्ये निकाल इतका स्पष्ट दिसला की तो नियोजित मुदतीआधीच जाहीर करण्यात आला. जोडीदाराकडूनच झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झालेले संसर्ग २८ होते, आणि त्यांतील केवळ एक लवकर औषध घेणाऱ्यांच्या गटातला होता. म्हणजे लागण ९६ टक्क्यांनी घटली. नऊ देशांतील रक्तनमुने एकाच पद्धतीने घेतले, साठवले आणि तपासले नसते, तर विषाणू जोडीदाराकडून आला की बाहेरून, हे सांगताच आले नसते.

लसीच्या बाबतीत असे यश आले नाही. भारतातील पहिली एचआयव्ही लस-चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये नारीत सुरू झाली. आयसीएमआर, नाको आणि आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम यांचा तो संयुक्त प्रयत्न होता. लस सुरक्षित ठरली, पण पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण झाली नाही. एचआयव्हीवर परिणामकारक लस अजून जगात कोठेही नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्याचा संबंध येतो तो मुख्यतः सर्वेक्षणांच्या मार्गाने. मुंबईला लागून असलेला रेल्वेचा फाटा, भिवंडीचे यंत्रमाग, गोदामे, मालमोटारींची वर्दळ आणि कामासाठी आलेला एकटा पुरुषवर्ग यांमुळे हा भाग सुरुवातीपासून जोखमीचा मानला गेला. गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ या एचआयव्ही-प्रतिबंध कार्यक्रमात ठाणे जिल्ह्याचा समावेश होता. मुंबई-ठाण्यात त्याचे काम ‘आस्था’ प्रकल्पातून चालले. या कामाचा परिणाम मोजण्यासाठी आयसीएमआरच्या संस्थांनी फॅमिली हेल्थ इंटरनॅशनलच्या मदतीने वर्तन आणि रक्ततपासणी यांचे एकत्रित सर्वेक्षण केले. महाराष्ट्रात नारीने पाहिलेल्या जिल्ह्यांत मुंबई, पुणे, कोल्हापूर, परभणी आणि यवतमाळबरोबर ठाणेही होते. हे आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचे ‘ठाणे’ म्हणजे डहाणू-जव्हारपासून नवी मुंबईपर्यंतचा प्रदेश. जुना आकडा आजच्या जिल्ह्याशी तसाच ताडून पाहणे चुकीचे आहे.

अशा सर्वेक्षणात नमुना निवडणे हेच सर्वांत अवघड काम असते, कारण देहविक्रय करणाऱ्यांची मतदारयादीसारखी यादी नसते. पथक आधी सगळे अड्डे, लॉज आणि घरे यांचा नकाशा करते. एकाच जागी दुपारी वेगळ्या स्त्रिया असतात आणि रात्री वेगळ्या, म्हणून जागेबरोबर वेळेचीही निवड करावी लागते. जे गट उघड्यावर येतच नाहीत, त्यांच्यात एका सहभागीला मोजकी कूपने देऊन त्याच्या ओळखीच्यांना आणायला सांगितले जाते. नाव कोठेही लिहीत नाहीत. प्रश्नावली आणि रक्ताची नळी यांना जोडणारा फक्त क्रमांक असतो. दार उघडून देते ती वस्तीतलीच कार्यकर्ती. तिच्या शब्दावर विश्वास ठेवून समोरची बाई बसते, आणि ते नाते विद्यापीठाच्या अनुदानातून रातोरात तयार होत नाही.

संशोधनासाठी बसवलेली घडी पुढे नेहमीच्या सेवेतही वापरात येते. बाळांच्या लवकर निदानाची सोय नाकोने २०१० मध्ये सुरू केली. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात महिनोन् महिने राहतात, म्हणून साधी चाचणी येथे निरुपयोगी ठरते आणि विषाणूचे जनुकद्रव्यच शोधावे लागते. सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचे थेंब जाड गाळणकागदावरील गोल खुणांत भरतात. कागद उन्हापासून दूर, आडवा ठेवून काही तास वाळवतात आणि ओल शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करतात. मग बर्फाच्या पेटीची गरज उरत नाही; जिल्ह्याच्या किंवा महापालिकेच्या रुग्णालयातून निघालेले पाकीट टपालानेही दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचू शकते. अशा तपासणीची एक प्रयोगशाळा नारीत होती.

परदेशी सहयोग असलेल्या आरोग्य-संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. शिवाय प्रत्येक संस्थेची नीतिसमिती असते. १५ जून २००९ पासून औषध-चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करणे सक्तीचे झाले. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. चाचणी, उपचार किंवा संशोधन यांपैकी कशासाठीही माहितीपूर्ण संमती घेणे आणि ओळख गुप्त ठेवणे त्याने बंधनकारक केले. गुप्ततेचा प्रश्न येथे केवळ कायद्यापुरता नाही. ओळखीचे कोणी रांगेत भेटेल या धास्तीने घराजवळचे केंद्र टाळून लांबच्या गावी गोळ्या घ्यायला जाणारे रुग्ण असतात, आणि पाठपुराव्याच्या नोंदींत तेच ‘बेपत्ता’ म्हणून दिसू लागतात.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा उघड आहे. पुण्यात प्रयोगशाळा, प्रशिक्षित संशोधक आणि विद्यापीठाचे पाठबळ एकत्र आले. ठाणे-कल्याणकडून नमुने आणि माहिती गेली, पण त्या प्रमाणात संशोधनाची क्षमता येथे उभी राहिली नाही. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ही महापालिकेची संस्था याच पट्ट्यात आहे, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिका रुग्णालयेही आहेत. रुग्ण, डॉक्टर आणि समुपदेशक असलेल्या अशा ठिकाणी कायमस्वरूपी संख्याशास्त्रज्ञ आणि माहिती-व्यवस्थापक यांची जोड देणे हे नवी इमारत बांधण्यापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगाचे काम आहे.

निष्कर्ष धोरणात उतरायलाही वेळ लागला. सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली, पण सुरुवातीला सीडी-४ पेशी बऱ्याच खाली गेल्याशिवाय ती दिली जात नसे. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर सरकत गेली. २०१७ पासून देशभर पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला, सीडी-४ चा आकडा कितीही असो, औषध सुरू केले जाते.