निद्राश्वसनरोध चाचणी, स्थूलत्व शस्त्रक्रियेपूर्वीची
झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग वारंवार मिटतो का, हे पाहणारी तपासणी. अतिस्थूल व्यक्तींत हा विकार फार आढळतो आणि बहुधा निदानाविना राहतो; घोरणे म्हणजे गाढ झोप, हा घरोघरचा समज निदान न होण्याचे एक कारण. भूल व अफूजन्य वेदनाशामकांनी श्वास आणखी मंदावतो, म्हणून जठर लहान करण्याआधी ही चाचणी टाळू नये. प्रथम टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग यांची ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावली (२००८): घोरणे, दिवसाची पेंग, रक्तदाब, मानेचा घेर. मग रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेतील श्वासाची यंत्राने नोंद. तासाला ५ पेक्षा कमी श्वासखंड सामान्य, ३० पासून तीव्र. विकार तीव्र असल्यास शस्त्रक्रियेआधी सीपॅप यंत्राची, म्हणजे हवेच्या सततच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राची, सवय लावतात.