देवनागरीची मोबाइलपर्यंतची वाट

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संवाद साधला आणि भारतात मोबाइलयुग सुरू झाले. देवनागरीचे संगणकीय संकेत तेव्हा ठरलेले नव्हते, असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली प्रमाणित केली होती. तिच्याच १९८८च्या आराखड्यावर बेतलेली देवनागरी ऑक्टोबर १९९१मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत आली होती. हे संकेत कोणालाही वापरण्यास खुले होते. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी माणूस मोबाइलवर रोमन अक्षरांतच मराठी लिहीत राहिला.

याचे पहिले कारण लघुसंदेशाच्या मापात होते. एका संदेशात १४० बाइट मावतात. जीएसएमच्या मूळ तक्त्यातील चिन्हाला सात बिट पुरत, म्हणून १६० चिन्हे बसत. त्या तक्त्यात युरोपीय भाषांच्या खास अक्षरांना आणि काही ग्रीक अक्षरांनाही जागा होती, देवनागरीला नव्हती. तिच्यासाठी सोळा बिटांचा संकेत घ्यावा लागे आणि मर्यादा ७० चिन्हांवर येई. काना, वेलांटीही स्वतंत्र मोजली जात असल्याने ‘दिवाळी’ या तीन अक्षरी शब्दाला सहा चिन्हे खर्ची पडत.

दुसरे कारण पडद्यावरचे. ‘दि’ लिहिताना वेलांटीचा संकेत ‘द’नंतर साठवला जातो, पण ती दिसायला हवी ‘द’च्या आधी. जोडाक्षरांत तर दोन-तीन संकेतांतून एकच आकृती घडते. त्यासाठी फोनमध्ये योग्य फॉन्ट आणि अक्षरजुळणीची आज्ञावली, दोन्ही लागतात. त्या नसल्या, की पाठवणाऱ्याचा बिनचूक मजकूरही घेणाऱ्याला चौकोनांच्या रांगेसारखा दिसे. अँड्रॉइडमध्ये जोडाक्षरांसह देवनागरीची अधिकृत सोय चौथ्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०११मध्ये आली. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीला तेव्हा नेमकी वीस वर्षे झाली होती.

मराठीची स्वतःची अडचण आणखी वेगळी. ‘ॲप’मधील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी हिंदी वळणाच्या ‘ऍ’वर भागवावे लागे. जुना फॉन्ट असलेल्या फोनवर नवा ‘ॲ’ पुढेही चौकोनच राहिला.

म्हणजे मानक खुले असणे पुरेसे नव्हते. दोन्ही टोकांच्या फोनांनी ते पाळायला हवे होते. बाजारपेठेने ते आपणहून लवकर पाळले नाही. अखेर भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस १६३३३, भाग ३’ या २०१६च्या मानकाने आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर फोनवर वाचता यावा, अशी अट घातली. लेखनाची अट मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेपुरतीच आहे. ती तिसरी भाषा मराठी असावी, असे हे मानक सांगत नाही.