पात्यावरचं नाव कोणाचं?

जुन्या खंजिरावर फारसी अक्षरं दिसली की लोक लगेच ठरवून टाकतात, हत्यार मुसलमानाचं आणि कोरलेलं नाव ते घडवणाऱ्याचं. उर्दू येणाऱ्याला ही अक्षरं वाचता येतात, पण तेवढ्यावर भागत नाही.

'अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी' हा ठसा घ्या. अर्थ सरळ आहे, असदुल्लाह इस्फहानीची कारागिरी. परंपरा त्याला इराणच्या शाह अब्बासच्या (१५८७–१६२९) काळातला मानते. पण हे नाव इतक्या पात्यांवर आणि इतक्या वेगवेगळ्या काळांत सापडतं की ते एका हाताचं काम असूच शकत नाही. नावच दर्जाची खूण झालं होतं. कधी शेजारी चार घरांचा चौकोन असतो: बे, दाल, वाव, हे. अबजदच्या हिशेबात २, ४, ६, ८. हे 'बुदूह', म्हणजे रक्षणाचा ताईत. कारागिराची सही नव्हे.

काही खुणा मालकाच्या असतात. १६८९ मध्ये दख्खनच्या अदोनी किल्ल्यातून बिकानेरच्या अनूपसिंहाने शस्त्रं नेली. त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नागरी अक्षरं उमटवली. दख्खनी हत्यार, राजपूत मालक. तंजावरच्या कित्येक कट्यारींत तर युरोपी तलवारींची मोडलेली पाती बसवलेली आहेत. म्हणून पात्याची खूण वेगळी वाचावी, मुठीची वेगळी.

आणि पोलाद कोणाचं? हा शब्दही फारसीतूनच मराठीत आला. आमच्या नायगावच्या पूर्वेला, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम गाव आहे. तिथे मातीच्या मुशींत पोलाद शिजे. हेन्री व्हॉयसी हा इंग्रज सर्जन आणि भूगर्भतज्ज्ञ १८२० च्या दशकात तिथे गेला, तेव्हा त्याला तिथे पोलाद घ्यायला आलेला इराणी व्यापारी भेटला. म्हणजे पात्यावर नाव इस्फहानचं असलं, तरी आतलं पोलाद आपल्या शेजारच्या भट्टीतलं असू शकतं. त्या भट्टीवाल्यांचा ठसा कुठेच नाही.

त्यांची एकच सही उरते. अशा पोलादात पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. उर्दूत तिला 'जौहर' म्हणतात. ती कोरलेली नसते, धातूतच असते. घरात जुनं पातं असेल तर पॉलिश पेपरने घासू नका. ठसा झिजतो, आणि नाव नसलेल्या कारागिराची सहीही दिसेनाशी होते.