सोडणाचे शास्त्र

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या होड्या सुंभाने शिवीत. सुंभ काथ्याचा, काथ्या सोडणाचा. ताजे सोडण हवेमुळे तरंगते. बुडत्या वस्तूला ती बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका वर रेटा मिळतो, हे आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सांगितले. म्हणून मालवणाकडच्या बाया खाडीत सोडणांवर दगड रचीत. मग कित्येक महिने हवेवाचून जगणारे जंतू राबत. त्यांची विकरे धाग्यांना जखडणारे पेक्टिन विरघळवीत. जवसाची ताटे असाच जंतू कुजवतो, हे विनोग्राड्स्कीने १८९५ साली दाखवले. त्याचे नाव झाले, ते योग्यच. परंतु सोडण पुरते कुजले की नाही, हे बोटांनी ओळखणाऱ्या बाईपुढे मजुरीच्या वहीत 'अकुशल' हा शेरा मी स्वतः वाचला आहे. तेवढा शब्द इतिहासाने तरी खोडावा.