गाडी सुटायच्या आधीचे तास

गुरुवार, ३१ ऑगस्ट १९३९, सकाळ. प्राग

इंग्लंडला जाणारी, बहुतेक ज्यू असलेल्या अडीचशे मुलांची गाडी उद्या आहे. यादी झाली, नंबर पडले, आता पेट्या.

पेटी एकच न्यायची, आणि ती मुलाला स्वतःला उचलता आली पाहिजे. हॉलंडमध्ये बोटीवर चढताना आणि हारिच बंदरात उतरताना ती धरायला आई नसेल. गळ्यात दोरीनं अडकवलेला नंबर, तोच नंबर पेटीवर. आधीच्या गाड्यांनी गेलेली मुलं मोठी झाल्यावर ज्या आठवणी सांगत राहिली, त्यांत ही पेटी हटकून येते. आयांनी मापापेक्षा मोठे कपडे घेतलेले असायचे. बाही हाताच्या पंजावर येणारा कोट, पुढच्या वर्षी बसतील असे बूट. पुन्हा भेट होईपर्यंत पोर किती वाढेल, याचा प्रत्येक आईनं मनाशी बांधलेला अंदाज त्या कपड्यांच्या मापात असे. प्रवासाची तयारी म्हणून मी वाचलेल्या गोष्टींत याहून कठीण मला काही आढळलेलं नाही.

वाट ठरलेली होती. प्रागहून न्यूरेम्बर्ग, कोलोन, मग हॉलंडची हद्द, हूक ऑफ हॉलंडहून रात्रीची बोट, सकाळी हारिच आणि तिथून रेल्वेनं लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट स्थानक. म्हणजे सगळा जर्मनी आडवा ओलांडायचा. हद्द पार झाली की पहिल्या डच स्थानकावर बायका डब्यापाशी येऊन मुलांना गरम कोको आणि पांढरा ब्रेड देत. त्या पांढऱ्या ब्रेडची चव कित्येकांना सत्तर वर्षांनंतरही आठवत होती.

जूनमधल्या गाडीत अल्फ डब्स नावाचा सहा वर्षांचा मुलगा होता. आईनं पाठीवरच्या पिशवीत खाणं बांधून दिलं होतं. दोन दिवस त्यानं ती पिशवी उघडलीच नाही. हा मुलगा पुढे ब्रिटनच्या लॉर्ड्सच्या सभागृहात बसला, आणि २०१६ साली एकट्यानं युरोपात पोचलेल्या निर्वासित मुलांना ब्रिटननं घ्यावं म्हणून कायद्यात दुरुस्ती घेऊन उभा राहिला.

आठ महिने मागे

ही गाडी ज्यांनी जमवली, त्यांतला एक निकोलस विंटन, लंडनच्या शेअरबाजारातला दलाल. १९३८च्या डिसेंबरात तो स्वित्झर्लंडला बर्फावर घसरायला निघाला होता. मार्टिन ब्लेक या मित्राचा फोन आला, बेत रद्द कर आणि प्रागला ये. जर्मनीनं चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड गिळल्यावर तिथून पळालेली माणसं प्रागभोवतीच्या छावण्यांत हिवाळा काढत होती. डोरीन वॉरिनर ही ब्रिटिश बाई मोठ्या माणसांना बाहेर काढण्याची खटपट करत होती. मुलांचं मात्र कुणी बघत नव्हतं. विंटननं वेन्सेस्लास चौकातल्या हॉटेलच्या खोलीत टेबल टाकलं आणि दारापुढे आईबापांची रांग लागली.

जानेवारीत तो लंडनला परतला. दिवसा बाजार, संध्याकाळी हे काम, मदतीला त्याची आई. निर्वासितांसाठीच्या एका समितीच्या नावाखाली ‘बालविभाग’ अशी ओळ त्यानं स्वतःच जोडली आणि त्या विभागाचा प्रमुखही तोच झाला. प्रागची बाजू ट्रेव्हर चॅडविक या शाळामास्तरानं सांभाळली. गेस्टापोच्या माणसाशी बोलून बाहेर पडायचे परवाने मिळवणं, फलाटावर पोरं मोजून गाडीत चढवणं, हे त्याचं काम.

आता कागद. मुलाचा अर्ज, मुलाचा फोटो. सतरा वर्षं पुरी होईपर्यंत मूल सांभाळायला तयार असलेलं इंग्लंडमधलं घर. त्यावर ५० पौंडांची हमी, त्या वेळच्या दरानं सुमारे ६६७ रुपये. ही रक्कम मुलाच्या परतीच्या खर्चासाठी होती. आग लागलेल्या घरातून मूल बाहेर काढताना त्याला पुन्हा आत पोचवायचं भाडं आधी भरून घ्यायचं, असा तो नियम. आणि शेवटी ब्रिटिश गृहखात्याचा प्रवेशपरवाना, जो आठवडे उलटले तरी येत नसे. तो वेळेत येईना तेव्हा विंटन आणि त्याच्या माणसांनी काही परवाने स्वतःच छापले. मला हे त्या सगळ्या उद्योगातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं.

पहिली तुकडी १४ मार्चला विमानानं गेली. दुसऱ्या दिवशी जर्मन फौज प्रागमध्ये शिरली. तरीही गाड्या सुटत राहिल्या. १ जुलैच्या गाडीत २४१ मुलं होती. शेवटची गाडी २ ऑगस्टची. एकूण मुलं ६६९. मे महिन्यात विंटननं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून विचारलं होतं की तुम्ही काही मुलं घ्याल का. वकिलातीकडून उत्तर आलं, जमणार नाही. ज्या स्थानकातून ही मुलं निघत होती, त्याला एका अमेरिकी अध्यक्षाचंच नाव होतं. विल्सन स्थानक.

उद्याची गाडी या सगळ्यांत मोठी. तिच्यातल्या प्रत्येक मुलासाठी इंग्लंडमध्ये घर मिळालं आहे आणि कागदही पुरे झाले आहेत.

सकाळी ११.०७, लंडन

ब्रिटिश सरकारचा हुकूम निघतो. शहरांतली मुलं ताबडतोब खेड्यांकडे हलवा. योजना आधीच तयार होती. आता लंडनमधल्या आयाही रात्री पिशव्या भरणार. बदलायचे कपडे, दात घासायचा ब्रश, वाटेतला खाऊ, खांद्याला अडकवायच्या खोक्यात विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा. आणि कोटाच्या बटणाला बांधायची नावाची चिठ्ठी.

त्या उन्हाळ्यात लंडनच्या आणि प्रागच्या घड्याळांत एकच वेळ होती. ब्रिटननं उन्हाळ्यापुरते काटे तासभर पुढे केले होते, जर्मनीनं आणि त्याच्या ताब्यातल्या प्रागनं केले नव्हते. दोन्ही शहरांतली मुलं त्या रात्री एकाच वेळी झोपायला गेली, दोन्हीकडे उशाशी चिठ्ठी आणि सामान.

दुपारी साडेबाराच्या सुमारास, बर्लिन

हिटलर युद्धाच्या पहिल्या आदेशावर सही करतो. पोलंडवर हल्ला, उद्या पहाटे ४.४५.

इथे मला थांबावंच लागतं. हा हल्ला मुळात २६ ऑगस्टला व्हायचा होता. २५ तारखेला ब्रिटन आणि पोलंडचा करार झाला आणि त्या संध्याकाळी हिटलरनं निघालेल्या फौजा थांबवल्या. जगाला सहा दिवस जास्तीचे मिळाले. त्या सहा दिवसांत न्यूरेम्बर्गचा रस्ता खुला होता, बोटी चालू होत्या. पण गाडीची तारीख १ सप्टेंबर ठरली होती. अडीचशे मुलांची गाडी एका रात्रीत अलीकडे ओढता येत नाही. डबे आरक्षित, बोटीतल्या जागा ठरलेल्या, परवान्यांवर शिक्के, लिव्हरपूल स्ट्रीटवर घ्यायला येणाऱ्या घरांना पत्रं गेलेली. ज्या काटेकोरपणानं ६६९ मुलं वाचली, त्याच काटेकोरपणामुळे ते सहा दिवस हातचे गेले. यात चूक कुणाची होती असं मी म्हणणार नाही. उशीर झाला तो आधीच झाला होता, परवान्यांच्या टेबलांवर, हिवाळ्यात आणि वसंतात.

दिवसभरात कधीतरी, लंडन

अल्फ डब्सची आई प्रागहून लंडनला पोचते. आधी तिला बाहेर पडायची परवानगी नाकारली होती. मुलगा जूनमध्ये आला, वडील त्याच्याही आधी पळून आले होते. एक घर पुरं होतं, ३१ ऑगस्टला.

रात्री ८, ग्लायविट्झ

जर्मनीच्या पोलंडलगतच्या या गावातल्या रेडिओ केंद्रावर पोलिशांच्या नावानं एक बनावट हल्ला होतो. करणारे जर्मनच. उद्या सांगायला कारण तयार झालं.

शुक्रवार, १ सप्टेंबर, पहाटे पावणेपाच. डान्झिग

श्लेसविग-होलस्टाइन ही जर्मन युद्धनौका सदिच्छाभेटीच्या नावानं बंदरात आलेली होती. ती वेस्टरप्लाटच्या पोलिश ठाण्यावर तोफा डागते.

प्रागमध्ये मुलांना उठवायची वेळ होत आली आहे.

सकाळ, लंडन

शाळांच्या पटांगणांतून मुलांच्या रांगा निघतात. पुढे मास्तर, मागे बाई, मधे चिठ्ठ्या लावलेली पोरं. आया फाटकापर्यंत येतात, पुष्कळ ठिकाणी स्थानकात त्यांना आत सोडत नाहीत. पुढच्या तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसं ब्रिटनच्या शहरांतून हलवली गेली. मुलांची गाडी कुठे जाणार हे आईबापांना पोस्टकार्ड आल्यावरच कळायचं होतं.

इतक्या माणसांची रेल्वेनं सोय लावणं एका देशाला तीन दिवसांत जमलं. त्याच देशाला अडीचशे मुलांचे परवाने वेळेत देणं जमत नव्हतं. पहिल्या कामाचं मोल मी कमी करत नाही. पण रेल्वे, डबे, चिठ्ठ्या, अनोळखी घरात मूल ठेवायची तयारी, हे सगळं असतं, हवी असते ती सही, एवढं त्या सकाळी दिसून आलं.

सकाळी १०, बर्लिन

हिटलर राइशस्टागपुढे उभा राहतो. पावणेसहापासून आपण गोळीबाराला उत्तर देतो आहोत, असं सांगतो. वेळसुद्धा तासाभरानं चुकलेली. रेडिओवर हे प्रागमध्येही ऐकू येतं.

दिवस, प्राग, विल्सन स्थानक

सीमा बंद. गाडीला जर्मनी ओलांडू दिला जात नाही.

विंटन पुढे सांगत असे की मुलं डब्यांत बसलेली होती आणि घोषणेनंतर काही तासांत ती गाडी दिसेनाशी झाली. मुलं घरी परतली. ज्या जिन्यावरून पेटी खाली आणली, त्याच जिन्यावरून ती वर नेली. आधीच्या गाड्यांनी गेलेल्या काहींची धाकटी भावंडं या यादीत होती. एका घरातलं एक मूल इंग्लंडमध्ये, दुसरं प्रागमध्ये, आणि मधे आता युद्ध.

लंडनला लिव्हरपूल स्ट्रीटवर अडीचशे मुलांसाठी अडीचशे घरांनी वाट पाहिली. कुणी खोली आवरून ठेवली असेल, कुणी शेजाऱ्यांकडून लहान पलंग मागून आणला असेल. फोटो त्यांच्याकडे होते, मूल ओळखायला.

सूर्यास्त, लंडन

ब्रिटनभर दिवे झाकायचा हुकूम लागू होतो. स्थानकांतला उजेड कमी केला जातो.

रविवार, ३ सप्टेंबर, सकाळी ११.१५

पंतप्रधान चेंबरलेन रेडिओवरून सांगतात की देश जर्मनीशी युद्धात आहे. १ तारखेची गाडी सुटली असती, तर एव्हाना मुलं इंग्लंडच्या भूमीवर असती.

त्यानंतर

विंटननं याबद्दल फारसं बोलणं टाळलं. कागद एका वहीत डकवलेले, वही माळ्यावर. १९८८ साली ती बाहेर आली, बीबीसीच्या एका कार्यक्रमात तो प्रेक्षकांत बसला असताना आजूबाजूची माणसं उभी राहिली, ती त्यानं आणलेली मुलं होती. २००९ साली १ सप्टेंबरलाच प्रागहून एक वाफेची गाडी मुद्दाम लंडनला नेली, आतली काही माणसं तीच, आता म्हातारी. शंभर वर्षांचा विंटन लिव्हरपूल स्ट्रीटवर त्यांना घ्यायला आला होता. तो १ जुलै २०१५ ला गेला. २४१ मुलांच्या गाडीचीच ती तारीख. प्रागच्या स्थानकातल्या पहिल्या फलाटावर त्याचा पुतळा आहे, सोबत दोन मुलं आणि एक पेटी.

१ सप्टेंबरच्या गाडीतली अडीचशे मुलं मात्र जवळजवळ सगळी मारली गेली. प्रागमधल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोरावियातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंची जवळजवळ ८०,००० नावं हातानं लिहिली आहेत. गाव, आडनाव, नाव, जन्मतारीख. तारखा वाचत गेलं की १९३० नंतरचे आकडे सारखे डोळ्यापुढे येत राहतात.

१९४१च्या ऑक्टोबरात प्रागहून ज्यूंना हद्दपार करायला सुरुवात झाली. आधी लॉड्झच्या, मग नोव्हेंबरपासून टेरेझिनच्या घेट्टोत. चिठ्ठी घरी येई, तारीख आणि वेळ दिलेली. जमायचं होलेशोविसमधल्या प्रदर्शनाच्या मैदानालगतच्या बराकींत, निघायचं जवळच्या बुब्नी स्थानकातून. सामान माणशी ५० किलोपर्यंत. गळ्यात नंबर, आणि तोच नंबर रंगानं पेटीवर लिहायचा. १९३९ मध्ये मापापेक्षा मोठा घेतलेला कोट तोवर मुलांना बेताचा होत आलेला होता.