मनाच्या चिवटपणाचे माप



माणसाची परीक्षा संकटात होते, हे आपले वाडवडील सांगत आले. त्या परीक्षेचे गुण अंकांत मांडण्याचा उद्योग मात्र विसाव्या शतकातला आहे.

त्याचे साधन आधी तयार झाले. १९३२ साली अमेरिकेत रेन्सिस लिकर्ट यांनी मनाचा कल मोजण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. एक विधान वाचावयाचे, ते कितपत पटते हे ठरीव पायऱ्यांपैकी एकीवर खूण करून सांगावयाचे आणि शेवटी अंकांची बेरीज करावयाची.

विषय पुढे आला तो हवाईतील कौआई बेटावरून. तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढपणापर्यंत घेतला. दारिद्र्य, गृहकलह, आईबापांचे आजार अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्ती, मायाळू माणसे झाली. मुले कशाने बिघडतात, याबरोबर ती कशाने सावरतात, हेही मग विचारले जाऊ लागले.

यानंतर माप आले. गेल वॅग्निल्ड आणि हेदर यंग या दोन अमेरिकन परिचारिका-संशोधिकांनी मोठा आघात सोसून सावरलेल्या २४ वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतून २५ विधाने काढली. प्रत्येकास १ ते ७ गुण. बेरीज २५ ते १७५. हे माप १९९३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक भाषांत गेले. स्वीडिश भाषांतराचा २००७ सालचा अभ्यास १९ पासून १०३ वर्षांपर्यंतच्या माणसांवर झाला. वय वाढेल तसे गुणही वाढलेले दिसले.

मग वयाबरोबर माणूस खंबीर होतो, असे म्हणावे काय? जरा थांबले पाहिजे. पट्टी मुळात वृद्धांच्या अनुभवातून कापलेली आहे. पूर्वी संकटे पाहिली म्हणून पुढची निभावता येतात, अशा आशयाचे एक विधान तीत आहे. सत्तरीची बाई त्यावर चटकन खूण करील. पंधरा वर्षांच्या मुलाने काय करावे? शिवाय आजचा वृद्ध आणि आजचा तरुण एकाच काळात वाढलेले नाहीत, आणि जे खचून लवकर गेले ते उत्तर द्यावयास उरलेलेच नाहीत. वयाचा परिणाम पाहावयाचा तर तीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मोजली पाहिजेत.

भाषांतराचीही अडचण आहे. १९७० साली रिचर्ड ब्रिस्लिन यांनी उलट भाषांतराची पद्धत शिस्तशीर मांडली: एकाने भाषांतर करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत मूळ भाषेत आणावे आणि दोन्ही ताडून पाहावीत. त्याने शब्दांची चूक सापडते. शब्दामागचे जीवन त्याने जुळतेच असे नाही. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी उसळून परत येण्याची कल्पना आहे. आपल्या ‘सोसणे’त उसळी नाही, ‘धीर’ तर आपण दुसऱ्याला देतोही! म्हणून बेरजेपूर्वी थोरांना आणि पोरांना वेगवेगळे बसवून विचारावे, ‘या वाक्यातून तुम्हांला काय समजले?’

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. कमी गुणांच्या मुलाला आपण ‘दुबळा’ म्हणणार, की त्याच्यामागे कोण उभे आहे ते पाहणार? या मापातील विधाने बहुतांशी ‘मी’विषयी बोलतात. कौआईतील सावरलेल्या मुलांजवळ मात्र जीव लावणारे कोणीतरी होते: आजीआजोबा, शिक्षक, शेजारी. मुलाचे गुण वाचताना ती माणसेही मोजावीत.